शब्द हाच पहिला आधार

बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात काय किंवा अन्यत्र काय, एखाद्या मुलीवर अत्याचार झाला की गावाच्या ओठी येणारे शब्द ठरलेले असतात: 'अब्रू गेली', 'घराण्याला काळिमा लागला'. या वाक्यांत गमावणारी मुलगी दिसते. गुन्हा करणारा मात्र कोठेच दिसत नाही. मग पीडितेने बोलावे तरी कोणत्या भाषेत?

शब्दाची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आपल्यावर बलात्कार झाल्याची फिर्याद एका आदिवासी मुलीने केली. भीतीपोटी पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे मानून उच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना दोषी ठरविले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या! १९७९ साली चार विधिज्ञांनी खुले पत्र लिहून संमती आणि शरणागती यांतील भेद पुन्हा मांडला. आंदोलने झाली, १९८३ मध्ये कायदा सुधारला. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती ठरत नाही, हे कायद्याने स्पष्ट शब्दांत सांगितले ते २०१३ मध्ये.

कायद्याची भाषा बदलली. ओसरीवरची बदलावयाची आहे. मुलगी प्रथम बोलते ती बहुधा मैत्रिणीशी वा शिक्षिकेशी. त्या क्षणी 'तू तेथे गेलीसच का?' हा प्रश्न गिळून 'दोष तुझा नाही, मी तुझ्यासोबत आहे' एवढेच म्हणावे. उपचार विनामूल्य मिळतात, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, हे मागाहून सांगावे. पहिले वाक्य चुकले, तर पुढचे दार उघडतच नाही.