न झाकणारा पडदा

काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. तांब्यातून वीज जाते, प्रकाश जात नाही. सौर घटाला मात्र दोन्ही हवे असते: ऊन आत यावे आणि आत तयार झालेली वीज बाहेर नेता यावी. छपरावरच्या नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलवर त्यासाठी चांदीच्या बारीक रेघा ओढतात. पातळ थरांच्या घटांत तेवढ्याने भागत नाही. तिथे सबंध पृष्ठभागावर पारदर्शक तरीही वीजवाहक असा लेप लागतो. आम्हां गझल लिहिणाऱ्यांना पडदा म्हटला की तो झाकणाराच. हा न झाकणारा!

जर्मनीत कार्ल बेडेकर यांनी १९०७ मध्ये कॅडमियम ऑक्साइडच्या थरात हा गुण नोंदवला. पुढे इंडियम ऑक्साइड वापरात आले. त्यात सुमारे १० टक्के कथलाचे ऑक्साइड मिसळतात. इंडियमच्या जागी बसलेल्या कथलाच्या अणूकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा असतो. तो मोकळा होऊन वीज वाहतो. बाकीचे इलेक्ट्रॉन इतके घट्ट बांधलेले असतात, की डोळ्यांना दिसणारा प्रकाश त्यांना हलवू शकत नाही. म्हणून तो आरपार जातो.

मग कथील वाढवीतच का जाऊ नये? मोकळे इलेक्ट्रॉन फार झाले की ते अवरक्त किरण शोषू लागतात, परतवू लागतात. त्यातले काही किरण घटाच्या उपयोगाचे असतात. थर जाड केला तर वीज सुखाने वाहते, पण प्रकाश उणावतो. शिवाय थर एकसंध नसतो. तो बारीक स्फटिककणांचा बनतो आणि कणाकणांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन अडखळतात. काही घटांत तर पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत ठेवतात. त्यामुळे किरण तिरपे विखुरतात, घटात लांबचा रस्ता चालतात आणि अधिक शोषले जातात.

चिंता आहे ती इंडियमची. १८६३ मध्ये हा धातू सापडला, तो त्याच्या वर्णपटातल्या निळीच्या रंगाच्या रेघेमुळे. नाव त्या रंगावरून पडले आणि निळीच्या युरोपीय नावात आपल्या हिंदुस्थानचे नाव दडलेले आहे. हा धातू मुख्यतः जस्त काढताना जोडीने हाती येतो. मागणी वाढली म्हणून त्याची वेगळी खाण खणता येत नाही, आणि मोबाइलच्या पडद्यांनाही तोच हवा असतो.

म्हणून जस्ताच्या ऑक्साइडात ॲल्युमिनियम मिसळून पाहतात. ते स्वस्त, पण ओल सोसत नाही. आपल्या कोकणात त्याची परीक्षाच. कथलाच्या ऑक्साइडात फ्लोरीन मिसळले तर थर अधिक टिकाऊ होतो. असे थर बनवण्याच्या फवारा पद्धतीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात बरेच काम झाले आहे. तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावे तसे तापलेल्या काचेवर द्रावण फवारतात. पाणी उडून जाते, थर काचेला धरून राहतो.