पुढच्या केबिनमध्ये मुलाबाळांसह : भाडे किती, सोय किती?

आपल्या व्यापारी बांधवांपैकी पुष्कळजण आता दुबई, इस्तंबूल, लंडन अशा फेऱ्या करतात. पूर्वी माणूस एकटा जाई, नमुने पाही, सौदा करी आणि परत येई. आता शाळेच्या सुटीत बायको-मुलेही सोबत निघतात आणि तिकीट काढताना एजंट हमखास म्हणतो, "शेठ, बिझनेस क्लास घ्या, मुलांना आराम होईल." हा आराम नक्की कोणाला होतो आणि तो कोणत्या भावाने पडतो, हे आम्ही मालाचा भाव पाहतो तसेच पाहणार आहोत.

आधी भाडे. परदेशी प्रवासात दोन वर्षांच्या आतील बाळ मांडीवर न्यायचे असेल तर साधारणपणे मोठ्या माणसाच्या भाड्याच्या १० टक्के घेतात. दोन ते अकरा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र खुर्ची घ्यावीच लागते व तिचे भाडे बऱ्याच कंपन्यांत ७५ टक्क्यांच्या आसपास असते. मात्र स्वस्तातल्या तिकिटावर ही सूट मिळेलच असे नाही. देशातल्या देशात मुलाला बहुधा पूर्ण भाडे पडते.

आता समजा, परतीचे भाडे मागे ५०,००० आणि पुढे २,००,००० रुपये आहे. नवरा, बायको, सहा वर्षांचा मुलगा आणि तान्हे बाळ यांचे मागे बसून १,४२,५०० होतात आणि पुढे बसून ५,७०,०००. यावर जीएसटी वेगळा. इकॉनॉमीवर ५ टक्के आहे. बिझनेस व फर्स्टवर पूर्वी १२ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. म्हणजे मागे ७,१२५ रुपये कर आणि पुढे १,०२,६००. सगळे धरून फरक सव्वापाच लाखांच्या जवळ जातो. एवढ्या रकमेत किती थाने उचलता येतात, ते ज्याचे त्याने पाहावे. काही बांधव सर्व तिकिटे दुकानाच्या जीएसटी नंबरावर काढतात. धंद्यासाठी केलेल्या प्रवासाच्या कराचे क्रेडिट मिळते, बायको-मुलांच्या खासगी प्रवासाचे मिळत नाही. दोन्ही बिले वेगळी ठेवावीत, नाहीतर तपासणीच्या वेळी तकलीफ होते.

आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाही. जाताना बाळ दोन वर्षांच्या आत असले आणि सफरीतच त्याचा दुसरा वाढदिवस आला, तर परतीला त्याची खुर्ची विकत घ्यावी लागते. बिझनेसमध्ये हा झटका फार मोठा बसतो. सुटीच्या तारखा ठरवतानाच जन्मतारीख पाहून घ्यावी.

पैसे मोजायची तयारी असली तरी माल पाहूनच घ्यावा. आजकालच्या बिझनेस क्लासमध्ये एका रांगेत बहुधा चारच खुर्च्या असतात : खिडकीशी एकेक आणि मध्ये दोन. प्रत्येक खुर्ची भिंतीच्या आड, काही ठिकाणी तर दारासुद्धा असते. एकट्या व्यापाऱ्याला झोपायला ही रचना फार छान. पण सहा वर्षांचा मुलगा त्या खोक्यात बसला की शेजारच्या आईचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून मुलासोबत मधल्या जोडखुर्च्याच मागाव्यात. कतार एअरवेजने २०१७ मध्ये आणलेल्या क्यूसूटमध्ये मधल्या चार खुर्च्यांची एक खोली करता येते. कुटुंबासाठी ही खरी सोय आहे, परंतु त्या कंपनीच्याही सर्व विमानांत ती नसते. बाळाचा पाळणा ठरावीक भिंतीपाशीच लागतो, पुढच्या केबिनमध्ये अशा जागा मोजक्याच असतात आणि पाळण्याला वजनाची मर्यादा असते. वर्षभराचे गुटगुटीत बाळ त्यात मावत नाही. मग दोन लाखांच्या खुर्चीत आई रात्रभर बाळाला कुशीत घेऊन बसून राहते. पलंगासारखी पसरणारी खुर्ची पसरलेलीच राहते.

खाण्याचेही विचारून घ्यावे. मुस्लिम जेवण आणि मुलांचे जेवण हे दोन वेगवेगळे प्रकार असून एका तिकिटावर बहुधा एकच नोंदवता येते. एमिरेट्स, कतार, सौदिया यांच्याकडे सर्वच जेवण हलाल असते, तेव्हा तिथे निर्धास्तपणे मुलांचे जेवण सांगावे. युरोपच्या विमानात मात्र मुस्लिम जेवण नोंदवून मुलासाठी घरचा डबा जवळ ठेवलेला बरा.

सर्वांत नाजूक बाब शेजाऱ्यांची. २०११ मध्ये मलेशिया एअरलाइन्सने फर्स्ट क्लासमध्ये तान्ह्या बाळांना बंदी केली होती. आपल्याकडे इंडिगोने २०१६ मध्ये काही रांगा बारा वर्षांखालील मुलांना बंद केल्या, तेव्हा बरीच टीका झाली. आमच्या सुनेला एका विमानात दीड वर्षाच्या नातवासह बिझनेसमध्ये बसलेली पाहून शेजारचे गृहस्थ कर्मचाऱ्याला म्हणाले, "ही काय बालवाडी आहे?" सून अर्धी वाट बाळाला घेऊन स्वयंपाकाच्या कोपऱ्यात उभी होती. भाडे तिचेही पूर्ण होते. खुर्ची विकणाऱ्या कंपनीने तिथे मूल बसू शकते हे उघड मान्य केले आहे, मग आईने शरमून उभे राहायचे कारण नाही. पण त्या गृहस्थानेही झोपेसाठीच पैसे मोजले होते आणि सकाळी त्याचा सौदा असेल, हेही आम्ही नाकारत नाही. मूल रडले तर कसूर कोणाचाच नाही. मूल खुर्च्यांवरून धावू लागले आणि बाप हेडफोन लावून सिनेमा पाहत बसला, तर कसूर बापाचा.

आमचे मत विचाराल तर मुंबई-दुबई या तीन तासांच्या वाटेवर मुलांसाठी बिझनेस घेणे ही उधळपट्टी आहे. लंडनच्या नऊ-दहा तासांना किंवा त्यापुढे अमेरिकेला, सोबत अंगावर पिणारे बाळ आणि दमलेली आई असेल, तर विचार करावा. तोही पाळण्याची जागा पक्की झाल्यावरच. मागे बसलात तरी डीजीसीएच्या २०२४ च्या आदेशाप्रमाणे एकाच तिकीट नोंदणीतल्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा बाप यांच्यापैकी एकाशेजारी जागा द्यावी लागते. काउंटरवर कोणी त्यासाठी जादा पैसे मागितले तर हे दाखवून द्यावे.