जबड्यातील कर्करोग नसलेल्या गाठी : निदान आणि उपचार

जबड्याच्या हाडात अशा काही गाठी होतात, ज्या शरीरातल्या इतर हाडांत सहसा आढळत नाहीत. दात घडवणाऱ्या पेशींचे अवशेष दात उगवल्यावरही हाडात आणि हिरडीत शिल्लक राहतात. त्यांपासून या गाठी वाढतात. ओडोन्टोमा ही त्यांतली निरुपद्रवी गाठ. ती लहान-लहान दातांचा पुंजका असते किंवा दातासारख्या कठीण द्रव्याचा गोळा. बहुधा ती तरुण वयातच सापडते, कारण तिने एखाद्या कायमच्या दाताची वाट अडवलेली असते. एकदा काढली की ती सहसा परतत नाही. ऑस्टिओमा आणि ऑसिफाइंग फायब्रोमा या गाठी मात्र खुद्द हाडाच्या.

सर्वांत जास्त काळजीने हाताळावी लागते ती ॲमिलोब्लास्टोमा. तिच्या पेशी दाताचे कवच घडवणाऱ्या पेशींसारख्या दिसतात. पाचांपैकी सुमारे चार गाठी खालच्या जबड्यात, बहुतेक दाढांच्या आणि त्यांमागच्या भागात असतात. ती दुखत नाही, वर्षानुवर्षे हळूहळू वाढते आणि क्वचित अपवाद सोडता शरीरात इतरत्र पसरत नाही. पण जबड्याच्या जाळीदार हाडात तिच्या पेशी एक्स-रेत दिसणाऱ्या कडेच्याही पुढे शिरलेल्या असतात. उपचाराचा सगळा पेच इथून सुरू होतो.

मुंबईच्या उपनगरांतला, म्हणजे अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंडचा रुग्ण प्रथम जातो तो गल्लीतल्या दंतवैद्याकडे. दाढ हलते, कवळी नीट बसेनाशी होते किंवा एका बाजूचा गाल भरलेला दिसतो. हिरड्या निरोगी असून दाढ हलत असेल, तर ती उपटण्याआधी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एका चित्रात दाखवणारा एक्स-रे, काढायलाच हवा. नुसती दाढ काढली तर गाठ आत तशीच राहते आणि निदान लांबते. तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग मुंबईत इतका परिचित आहे, की जबड्यावर सूज दिसताच घरच्यांना परळचे टाटा रुग्णालय आठवते. ही भीती तपासण्यांनीच दूर होते. तपासण्यांसाठी जुहूचे कूपर आणि घाटकोपरचे राजावाडी ही पालिकेची रुग्णालये उपनगरांत आहेत. पालिकेचे नायर दंत महाविद्यालय मात्र मुंबई सेंट्रलला. अंधेरी-बोरिवलीकरांना तिथे थेट लोकल आहे, मुलुंड-घाटकोपरकरांना दादरला गाडी बदलावी लागते.

ओपीजीत ॲमिलोब्लास्टोमा अनेकदा साबणाच्या फेसातल्या बुडबुड्यांसारखी दिसते आणि जवळच्या दातांची मुळे झिजलेली आढळतात. हाडाची भिंत कुठे पातळ झाली, कुठे फुटली, हे सीटी स्कॅन सांगतो. तुकडा घेण्याआधी सुई घालून पाहतात. नुसते रक्त आले तर रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते, आणि तिला छेद दिल्यास जिवावर बेतते. शेवटचा शब्द बायोप्सीचा. हाड असलेला तुकडा आधी आम्लात मऊ करावा लागतो, म्हणून अहवालाला काही दिवस जास्त लागतात. मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी दिसल्या तर रक्तातले कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासतात, कारण दोष पॅराथायरॉइड ग्रंथीचाही असू शकतो. तसे असेल तर आधी उपचार ग्रंथीवर करायचा.

ॲमिलोब्लास्टोमा नुसती खरवडली तर जबडा वाचतो, चेहरा वाचतो, पण ती पुन्हा उगवण्याचा धोका मोठा असतो. त्यामुळे नेहमीच्या घन किंवा अनेक कप्प्यांच्या प्रकारात दिसणाऱ्या कडेपलीकडचे एक ते दोन सेंटिमीटर निरोगी हाडही काढतात. तरुणांतल्या एका पोकळीच्या प्रकारात, गाठ भिंतीत शिरलेली नसेल, तर कमी शस्त्रक्रियेवर भागू शकते. हा निर्णय बायोप्सीच्या अहवालावाचून घेणे चुकीचेच. २०१४ साली अनेक ॲमिलोब्लास्टोमांमध्ये बीआरएएफ या जनुकातला बदल सापडला. तो रोखणाऱ्या गोळ्यांनी काही रुग्णांची गाठ आक्रसली आहे, तरी आजही मुख्य उपचार शस्त्रक्रियाच.

कापलेल्या जागी टायटॅनियमची पट्टी बसवतात. तुकडा मोठा असेल तर पायातले फिब्युला हे बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट आणून, जबड्याच्या वळणाप्रमाणे कापून बसवतात आणि त्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिन्यांना जोडतात. १९८९ मध्ये हिडाल्गो या शल्यविशारदांनी जबड्यासाठी ही पद्धत मांडली. गुडघा आणि घोटा स्थिर राहावेत म्हणून फिब्युलाची दोन्ही टोके पायातच ठेवतात, त्यामुळे रुग्ण पुढे चालू शकतो. हाड जुळल्यावर त्यात इम्प्लांट बसवून दात लावता येतात.

गाठ दहा वर्षांनीही परतू शकते. म्हणून घाव भरला, दात बसले, तरी ठरल्या वेळी ओपीजी काढून जुन्या चित्राशी ताडून पाहावा लागतो. जुन्या फिल्म आणि बायोप्सीचा अहवाल घरच्या फाइलीत जपून ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे.