नवजात शिशुपरिचर्या : शास्त्र, रूढी आणि वैद्याचे उत्तर

कौमारभृत्य हे अष्टांग आयुर्वेदाचे स्वतंत्र अंग असून काश्यपसंहितेने त्यास आद्य स्थान दिले आहे. असे असूनही बाळाची आजी चिकित्सालयाच्या दारात उभी राहून "डॉक्टर, बाळाला मध चाटवू का? गुटी कधी सुरू करू?" असे विचारते, तेव्हा आपल्यापैकी कित्येकजण "थोडी चालेल" असे मोघम उत्तर देऊन पुढील रुग्णाकडे वळतात. आम्हीही तसे उत्तर दिलेले आहे. काही वर्षांपूर्वी ऐन हिवाळ्यात बावीस दिवसांचे एक बालक आमच्याकडे आणले गेले. दोन दिवसांपासून ते शांत झोपत होते, म्हणून घरचे समाधानी होते. प्रत्यक्षात ते दूध ओढीत नव्हते व त्याचे तळपाय गार पडले होते. चौकशीअंती कळले की, रोज सकाळी गुटी उगाळून दिली जात होती व झोप चांगली लागते म्हणून तीत जायफळाचे वेढे वाढविले होते. "तुम्हीच चालेल म्हणाला होता," असे आजी म्हणाल्या. बालक जिल्हा रुग्णालयात वेळेवर पोहोचले व वाचले. परंतु ते वाक्य आमच्या स्मरणातून गेले नाही. म्हणूनच धाराशिव जिल्ह्यात रोज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांना वैद्याने काय उत्तर द्यावे, याचा येथे विचार करीत आहोत.

प्रथम आहार

सुश्रुत व वाग्भट यांनी पहिल्या दिवसांत मधुसर्पीचे प्राशन सांगितले आहे. त्यामागील कारणही त्यांनी दिले आहे : प्रसूत स्त्रीच्या हृदयस्थ सिरा विवृत होऊन तिसऱ्या वा चौथ्या दिवशी स्तन्यप्रवृत्ती होते. म्हणजे स्तन्य उपलब्ध होईपर्यंतची ती सोय होय. चरकाचार्यांनी मात्र मधुसर्पीनंतर लगेच स्तनपान सांगितले असून प्रथम उजवा स्तन द्यावा असे म्हटले आहे. आज आपणांस निश्चित ठाऊक आहे की, पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा पिवळसर घट्ट चीक अल्प असला तरी नवजाताच्या इवल्याशा जठरास तो पुरेसा असतो व रोगप्रतिकारक द्रव्यांनी तो समृद्ध असतो. ज्या कारणास्तव मधुसर्पीची योजना होती, ते कारणच उरत नाही.

मधाविषयी आणखी एक बाब. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत. बालकाच्या अपक्व आतड्यात रुजून विष निर्माण करतात. मलावरोध, क्षीण रडणे, दूध ओढता न येणे व अंग लुळे पडणे ही त्याची लक्षणे. हा विकार १९७६ मध्ये अमेरिकेत प्रथम ओळखला गेला. त्यामुळे एक वर्षाच्या आत मध नाही, असे नि:संदिग्ध सांगावे. जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान आणि सहा महिने केवळ स्तन्य, हाच नियम. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हाही वरचे पाणी देऊ नये. स्तनपानाच्या वेळा वाढवाव्यात. पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा वा अधिक वेळा लघवी होत असेल व वजन वाढत असेल, तर दूध पुरते असे मातेस समजावावे.

गुटी

हिरडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, मायफळ इत्यादींची गुटी ही आपल्या घराघरांतील रूढी आहे. तिचे समर्थन करताना लेहनाचा आधार दिला जातो. परंतु काश्यपांच्या लेहाध्यायात कोणास लेहन देऊ नये याची दीर्घ यादी आहे. मंदाग्नी, निद्राळू, ज्वर वा अतिसाराने पीडित बालक तीत आहे. निरोगी मातेचे बालकही आहे. लेहन प्रतिदिनी देऊ नये, असेही तेथे म्हटले आहे. सहाणेवरील पाणी, न धुतलेली बोटे व अंदाजाने घातलेले वेढे यांतून अतिसार व गुंगी उद्भवते. औषध द्यावयाचेच झाले तर ते वैद्याने बालक पाहून, निदान करून व मात्रा ठरवून द्यावे. ती घरची नित्याची गुटी नव्हे.

अभ्यंग व स्नान

अभ्यंग ही आपल्या परंपरेची उत्तम देणगी होय. तीळ वा करडईचे शुद्ध तेल कोमट करून, खोली बंदिस्त व उबदार ठेवून, हलक्या हाताने चोळावे. दूध पाजल्यावर लगेच चोळू नये. मात्र नाक-कानात तेल सोडणे, डोके दाबून 'आकार देणे' व नवजाताचे स्तन पिळणे या प्रथा कटाक्षाने बंद कराव्यात. तेल फुप्फुसात गेल्याने श्वासविकार व स्तन पिळल्याने गळू होऊ शकते. पहिले स्नान किमान २४ तास टाळावे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकास नाळ पडेपर्यंत ओल्या फडक्याने पुसणे पुरे.

नाळ, काजळ व धुरी

चरकाने नाभीपासून आठ अंगुळांवर नाळ बांधून छेदण्यास सांगितले आहे. म्हणजेच बांधणे व तीक्ष्ण शस्त्राने छेद देणे हे तत्त्व जुनेच आहे. नाळेवर राख, शेण, कुंकू लावणे मात्र शास्त्र नव्हे, तो धनुर्वाताचा धोका होय. नाळ कोरडी व उघडी ठेवावी. डोळ्यांत काजळ घालू नये. बाजारातील काजळात शिसे आढळते व घरच्या काजळाचे बोट स्वच्छ असेलच असे नाही. धूपन हे रक्षोघ्न कर्म खरे. परंतु दार-खिडकी लावून बाळंतिणीच्या खाटेखाली केलेली धुरी नवजाताच्या श्वासास बाधक ठरते. खोली आधी धूपित करावी, हवा खेळती करावी, मगच माता-बालकास आत न्यावे.

ऊसतोडीच्या फडावर

कळंब, वाशी, भूम, परंडा या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात व मार्च-एप्रिलमध्ये परततात. ओली बाळंतीणही कित्येकदा सोबत जाते. पाचटाच्या कोपीत पहाटेची थंडी बालकास असह्य होते. शेगडी पेटविल्यास धूर व आग यांचे भय. येथे सर्वांत सोपा उपाय म्हणजे बालकाला उघड्या अंगाने मातेच्या छातीशी धरून वरून गोधडी लपेटणे व डोक्यास टोपडे घालणे. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे 'कांगारू' नावाने रूढ झाली. आपल्या आयाबायांना ती अपरिचित नाही. कुटुंब निघण्यापूर्वी लसीकरणाचे कार्ड सोबत देणे व पुढील लसीची तारीख तोंडपाठ करविणे, हे कार्य आपण करू शकतो.

केव्हा थांबू नये

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने प्रशिक्षित ग्रामीण आरोग्यदूतांकरवी घरीच नवजातसेवा दिली व तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वाटेने २०११ पासून आशाताई दवाखान्यातील प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी गृहभेट देतात. त्यांना प्रतिस्पर्धी न मानता सहकारी मानावे. दूध ओढणे थांबणे, अंग गार वा तप्त होणे, मिनिटास साठ वा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, झटके, पहिल्या २४ तासांत दिसणारी वा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचलेली कावीळ, नाळेतून पू : यांपैकी एकही लक्षण दिसल्यास काढा-गुटीत वेळ न दवडता १०२ वा १०८ वर वाहन बोलवावे. वाटेतही बालक मातेच्या छातीशीच असावे.

शेवटी एकच निवेदन. आजी प्रश्न विचारते ती विश्वासाने. "ग्रंथात आहे" एवढे सांगून तिला परत पाठविणे म्हणजे ग्रंथाचाही अनादर होय. कारण ग्रंथाने प्रत्येक विधानास हेतू जोडला आहे. "चालेल" हा शब्द नवजाताच्या बाबतीत आपण चिकित्सालयातून काढून टाकू या. आम्ही तो काढला आहे.