चाकाची गोष्ट – भाग ६ : उन्हाळ्यात हवा कमी करू नका

मे महिन्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव या पट्ट्यात पारा ४३-४४ अंशांवर गेला की हवा भरण्याच्या दुकानांपुढे एक वाक्य हमखास कानावर पडते. ‘दोन पॉइंट कमीच ठेवजो गड्या, उन्हानं टायर फुटते.’ सांगणारा काळजीपोटीच सांगतो आणि भरणारा मान डोलावून नळी काढून घेतो. या सल्ल्याने नेमके उलटे होते. टायर फुटण्याची भीती त्यामुळे वाढते.

गेल्या भागात ब्रेकविषयी लिहिताना म्हटले होते की ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडी थांबते ती टायरने रस्ता धरला तर. आता हेही लक्षात घ्या की गाडीचे ओझे टायरच्या रबराने फारसे पेललेले नसते. ते पेलते आतली कोंडलेली हवा. मोटारीच्या एका चाकावर साधारण ३०० किलो भार येतो. ३२ पौंड हवा, म्हणजे दर चौरस इंचावर ३२ पौंडांचा दाब, असेल तर भागाकार करून पाहा. टायरचा सव्वाशे-एकशेतीस चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकतो. टपाल खात्याचे पोस्टकार्ड एवढेच असते. चार पोस्टकार्डांएवढ्या रबरावर आपण मुलाबाळांना बसवून राजूर घाट उतरतो.

आता उन्हाचे गणित. सकाळी २८ अंशांना ३२ पौंड हवा भरली. दुपारी रस्ता तापलेला, गाडी तासभर पळालेली, टायरमधली हवा ६५ अंशांवर गेली. गेजवर ३७-३८ दिसतील. चालक घाबरतो आणि ३२ होईपर्यंत हवा सोडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर थंड झाल्यावर आत उरलेले असतात जेमतेम २७. गरम झाल्यावर पाच-सहा पौंड चढणार, हे टायर बनवणाऱ्याने धरलेलेच असते. दरवाज्याच्या चौकटीवर चिकटवलेला आकडा थंड टायरचा आहे, तो याच कारणाने. शाबूत टायर त्या आकड्याच्या दुप्पट दाबालाही सहज फुटत नाही.

मग टायर फुटतो कशाने? बहुतेक वेळा कमी हवेने. हवा कमी असली की टायर जमिनीपाशी चेपतो, त्याच्या बाजू फुगतात आणि पुढच्या क्षणी सरळ होतात. रबर असे वाकून सरळ होताना खर्ची पडलेली ताकद पूर्ण परत देत नाही. काही भाग उष्णता होऊन आतच राहतो. समृद्धी महामार्गावर मोटारीला १२० ची वेगमर्यादा आहे. त्या वेगाला मोटारीचे चाक सेकंदाला सतरा-अठरा फेरे घेते, म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला तितक्या वेळा चेपतो आणि सुटतो. वरून ऊन, खालून तापलेले काँक्रीट, आणि मेहकरपासून सिंदखेडराजाच्या पुढेपर्यंत वेग कमी करायला काही कारण नाही. जुन्या रस्त्याला दर पाच-दहा मैलांवर गाव लागायचे, चहाला थांबणे व्हायचे, टायर निवायचा. इथे ती उसंत नाही. आतली उष्णता साठत जाते, रबर आणि तारा-धाग्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात, आणि मग एका क्षणी आवाज होतो.

ऊन, वेग आणि कमी हवा एकत्र आल्यावर काय होते, याचा मोठा धडा अमेरिकेला मिळाला. २००० सालच्या ऑगस्टमध्ये फायरस्टोन कंपनीला ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. ते मुख्यतः फोर्डच्या एक्सप्लोरर गाडीला लागत. वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या आणि अशा घटना टेक्सास, फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना अशा उष्ण राज्यांत जास्त होत्या. टायरच्या घडणीत दोष होतेच. पण फोर्डने गाडीसाठी २६ पौंड सांगितले होते आणि टायर कंपनी ३० हवेत म्हणत होती, यावरही मोठा वाद झाला. त्यानंतर कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सर्व नव्या हलक्या गाड्यांत हवा कमी झाल्याची सूचना देणारा दिवा सक्तीचा झाला.

आपल्याकडे मात्र ‘टायर फुटला’ हे दोन शब्द उच्चारले की चौकशी संपते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण होरपळून गेले. टायर फुटल्याचे सुरुवातीला सांगण्यात आले. परिवहन अधिकाऱ्यांच्या पाहणीत टायर फुटल्याची खूण, रबराचे तुकडे, असे काही आढळले नाही. त्या रात्रीचा दोष टायरवर ढकलून आपण सुटू शकत नाही. आणि टायर खरोखर फुटतो तेव्हाही तो आपोआप फुटत नाही. कुणीतरी महिनोन् महिने त्याकडे पाहिलेले नसते.

हवा कमी असल्याची खूण टायर स्वतः दाखवतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत राहिली, तर गाडी कमी हवेवर चालली आहे. मधोमध पट्टा घासला गेला, तर हवा जास्त झाली आहे. एकच कड खाल्ली असेल तर हवेचा दोष नाही, अलाइनमेंट बघा. जादा हवाही वाईटच. टायर मधल्या भागावर उभा राहतो, पोस्टकार्ड आणखी लहान होते, ब्रेक लागायला अंतर जास्त लागते आणि खड्ड्याचा दणका गाडीला जास्त जोरात बसतो.

पावसाळ्यात हवेतला हा फरक जिवावर बेततो. साचलेल्या पाण्यावर टायर एका वेगानंतर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग हलके पडते. विमानांच्या चाकांवर प्रयोग करून नासाच्या अभ्यासकांनी १९६३ मध्ये मांडले की हा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. हवा कमी, तर टायर कमी वेगालाच तरंगतो. त्यात आपल्याकडे पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती डांबरावर येते. सरीवर सर पडली की ती साबणासारखी होते. तिथे नक्षी आणि हवा दोन्ही ठीक नसतील तर चालकाचे कौशल्य कामी येत नाही.

इंधनाचे खरे तेच सांगतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा हिशेब असा की चारही टायरांत एक पौंड हवा कमी झाली की मायलेज ०.२ टक्के घटते. पाच पौंड कमी म्हणजे एक टक्का. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या मोटारीला अर्धा लिटर पेट्रोल. तेवढ्यासाठी कुणी हवा मोजणार नाही, हे मी जाणतो. पण मालट्रकचे गणित वेगळे आहे. त्याच्या डिझेलचा सुमारे तिसरा हिस्सा टायर फिरवण्यात खर्च होतो. कापसाच्या गाठी घेऊन खामगावहून निघालेल्या ट्रकच्या मागच्या जोडचाकात आतला टायर बसलेला असेल, तर त्याचे ओझे बाहेरचा वाहतो आणि दोघेही लवकर जातात. क्लीनर लोखंडी पान्याने टायर ठोकून आवाज ऐकतो. त्या ठोकण्याने पंक्चर टायर कळतो. ११० आणि ८५ मधला फरक कळत नाही. गेज लागतेच.

नायट्रोजनबद्दल थोडेसेच. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि हळू झिरपतो, हा फायदा खरा. पण तो भरला म्हणून मोजणे सुटत नाही. कोणत्याही टायरमधून महिन्याला एक-दोन पौंड झिरपतात. मे महिन्यात भरलेले ३२ पौंड, थेंबभर गळती नसली तरी, डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटे साडेएकोणतीस होतात.

पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टरच्या टायरबद्दल लिहीन. शेतात त्याला मुद्दाम कमी हवा लागते आणि ट्रॉली ओढताना जास्त, त्यामुळे तो हिशेब स्वतंत्रच मांडावा लागेल. तोवर एक विनंती आहे. उद्या सकाळी गाडी अंगणातून काढण्याआधी, टायर थंड असताना, चारही चाकांची आणि स्टेपनीची हवा मोजा. आकडा टायरवर लिहिलेला घेऊ नका, ती कमाल मर्यादा असते. दरवाज्याच्या चौकटीवरचा घ्या, आणि गाडी भरलेली असेल तर तिथेच लिहिलेला भरल्या गाडीचा.