तारेची बांधणी

कल्याण-डोंबिवलीलगतच्या गावांत ११ हजार व्होल्टच्या तारांखालून मुले शाळेस जातात. वीज बंद करून, तारा जमिनीशी जोडून, लाइनमन प्रत्येक तार चिनी मातीच्या इन्सुलेटरला हातानेच बांधतो. सरळ वाटेवर ती माथ्याच्या खाचेत बसते. वळणावर मात्र मानेच्या खाचेत, बाहेरच्या अंगास, म्हणजे ताणाने ती इन्सुलेटरवरच दाबली जाते. बांधण्यास मऊ ॲल्युमिनियमची तार घेतात. तांब्याची घेतल्यास खाडीच्या खाऱ्या, दमट वाऱ्यात ॲल्युमिनियमची मूळ तार झिजते. पकडीचा ओरखडाही घातक, तेथेच ती पुढे तुटते. वेढे सैल राहिल्यास तार घासत राहते व एखाद्या पावसाळी रात्री खाली येते. पडलेली तार निर्जीव दिसली तरी तिच्यात व भोवतालच्या ओल्या जमिनीत वीज असू शकते. मुलांनी दूर राहून मोठ्यांस सांगावे, मोठ्यांनी महावितरणास १९१२ क्रमांकावर.