वाऱ्याची शीळ, रस्त्याची घरघर
आपली गाडी, आपले हात : लेखांक ९

मागच्या आठवड्यात आपण टायरमधली हवा आणि व्हील अलाइनमेंट पाहिली. आज त्याच टायरांपासून निघून आपल्या कानापर्यंत येणारा आवाज, आणि त्याच्या जोडीला वाऱ्याचा आवाज. शहरात फिरताना छोट्या हॅचबॅकविषयी याबाबत कुणी फारशी तक्रार करत नाही. तीच गाडी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी ९०-१०० किलोमीटरने धावू लागली की मागच्या सीटवरच्याला पुढचं बोलणं कळत नाही, गाण्याचा आवाज वाढवत न्यावा लागतो आणि उतरल्यावर डोकं जड झालेलं असतं. हा थकवा मनाचा खेळ नव्हे. तासन् तास चालणारी घरघर माणसाला शिणवते आणि शिणलेला चालक उशिरा ब्रेक दाबतो. म्हणून या विषयाकडे चैन म्हणून पाहू नये.

बहुतेक जण यावर एकच उपाय करतात. ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन चारही दारांत चकचकीत डॅम्पिंग शीट चिकटवून घेतात. दार लावताना छान भारदस्त ‘धप्प’ आवाज येतो, मन खूश होतं, आणि हायवेला लागल्यावर घरघर जवळजवळ तेवढीच राहते. शीटमध्ये खोट नसते. चूक असते ती क्रमात.

डेसिबलचं गणित आपल्या रोजच्या बेरजेसारखं चालत नाही. समजा, गाडीत टायरचा आवाज ६७ डेसिबल आणि वाऱ्याचाही ६७. दोन्ही मिळून १३४ होत नाहीत, ७० होतात. आता वाऱ्याचा आवाज तुम्ही अगदी शून्यावर आणलात, तरी एकूण आवाज ७० वरून ६७ वर येईल. तीन डेसिबलचा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज निम्मा झाल्यासारखं वाटायला साधारण दहा डेसिबल कमी व्हावे लागतात. म्हणजे लहान आवाजावर कितीही पैसे घाला, मोठा तसाच असेल तर हाती काही लागत नाही. आधी सगळ्यात मोठा आवाज कोणता ते ओळखायचं, तो खाली आणायचा, मग दुसऱ्याकडे वळायचं.

दुसरी गोष्ट फटींची. एखाद्या पृष्ठभागाच्या फक्त १ टक्का भागात उघडी फट असेल, तर उरलेला ९९ टक्के भाग कितीही जाड आणि जड केला तरी तो पृष्ठभाग २० डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. दाराचं एक सैल रबर दारातल्या सगळ्या शीटवर पाणी फिरवतं ते असं.

तेव्हा पहिलं काम कान लावण्याचं. ते शेजारी बसलेल्याने करायचं, चालकाने रस्त्यावरच लक्ष ठेवायचं. वाऱ्याच्या आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. ताशी ८० वरून १०० वर गेलात की ती जवळजवळ चौपट होते. टायरचा आवाजही वेगाबरोबर वाढतो, पण इतक्या झपाट्याने नाही. त्यामुळे ऐंशीपर्यंत शांत असलेली गाडी शंभराला एकदम सुसाटायला लागली, तर संशय वाऱ्यावर घ्या. काँक्रीटवरून डांबरी रस्त्यावर चाक आलं आणि त्याच क्षणी आवाज उतरला, तर दोषी टायर. आणि एकसुरी ‘घुंऽऽ’ असा आवाज हलक्या डाव्या वळणावर वाढत असेल, उजवीकडे वळताना कमी होत असेल, तर उजव्या चाकाचं बेअरिंग तपासून घ्या, कारण डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. बेअरिंगचा आवाज दाबून टाकायचा नसतो. बेअरिंग बदलायचं असतं.

मोबाइलवरचं आवाज मोजणारं ॲप इथे उपयोगी पडतं. त्याचा आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसतो, पण आधीचा आणि नंतरचा आवाज ताडून पाहायला पुरतो. रस्त्याचा तोच तुकडा, तीच दिशा, तोच वेग, पंखा बंद, काचा वर आणि फोन प्रत्येक वेळी त्याच जागी, एवढं पाळायचं. वाऱ्याच्या दिवशी मोजू नका. आकडा ‘ए’ प्रमाणातला असेल तर खालच्या सुरातली धडधड त्यात कमी दिसते, हेही लक्षात असू द्या. कान म्हणतो त्रास आहे आणि आकडा म्हणतो नाही, अशा वेळी कानाचं ऐका.

वाऱ्याच्या आवाजासाठी रंगकामात वापरतात त्या मास्किंग टेपइतकं चांगलं आणि स्वस्त हत्यार दुसरं नाही. मागच्या दारांच्या कडा, पुढच्या काचेची कड, आरशांचे सांधे, बॉनेटची मागची फट, सगळं बाहेरून टेपने बंद करा. आत बसायला पुढचं एक दार मोकळं ठेवा. मग नेहमीच्या रस्त्यावर एक चक्कर. आवाज लक्षणीय कमी झाला तर फट यातलीच कुठलीतरी आहे. आता एकेका जागेची टेप काढत चला. ज्या जागेची टेप निघाल्यावर आवाज परत आला, ती तुमची जागा. चार दारांची चार नवी रबरं विकत घेण्यापेक्षा टेपचं एक रीळ आणि रविवारची एक सकाळ केव्हाही परवडते. फट आणखी नेमकी हवी असेल तर शेजारच्याने रबरी नळीचं एक टोक कानाशी धरायचं आणि दुसरं दाराच्या कडेने फिरवायचं. नळीचं तोंड फटीसमोर आलं की शीळ एकदम मोठी होते.

दाराचं रबर, म्हणजे बीडिंग, तपासायला कागदाची पट्टी पुरते. पट्टी रबरावर ठेवून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारख्या जोराने निघायला हवी. जिथे सहज सरकते तिथे रबर दबलेलं आहे. जुन्या गाडीत हे बहुधा वरच्या मागच्या कोपऱ्यात आढळतं. रबर आधी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसा, वाळू द्या, मग सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. कोरडं पडलेलं रबर बरंचसं पुन्हा लवचीक होतं. पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइल मात्र लावू नका, रबर त्याने फुगतं आणि खराब होतं. रबर ठीक असूनही दार बाहेर राहत असेल, तर खांबावरचा स्ट्रायकर किंचित आत सरकवून घ्यावा लागतो. हे काम बॉडीशॉपवाल्याकडून करून घेतलेलं बरं. एवढं करून फट उरलीच तर इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची पोकळ, चिकट पट्टी बाजारात मिळते. ती मूळ रबराच्या बाहेरच्या बाजूला, दाराच्या कडेवर बसवायची, आणि जिथे फट आहे तिथेच. सगळीकडे लावली की दार बंद करायला धक्का मारावा लागतो आणि बिजागरीवर ताण येतो.

आता आपण स्वतः विकत घेतलेल्या आवाजाकडे वळू. काचांवर लावलेले पावसाळी व्हायझर आपल्याकडे फार लोकप्रिय आहेत आणि पावसात काच थोडी उघडी ठेवायला ते सोयीचेही पडतात. पण ते नेमके अशा जागी बसतात, जिथे पुढच्या खांबावरून आलेला वारा सगळ्यात वेगाने वाहत असतो. टेपच्या चाचणीत फट सापडली नाही तर पुढचा संशयित हाच. छतावरच्या कॅरियरचंही तेच. गोल दांड्यामागे हवेचे भोवरे आलटून पालटून सुटतात आणि ठरावीक सूर लागतो. व्हिन्सेन्ट्स स्ट्रोउहाल या चेक भौतिकशास्त्रज्ञाने १८७८ साली वाऱ्यात गाणाऱ्या तारांचा अभ्यास करून याचा नियम मांडला: सुराची वारंवारता म्हणजे वाऱ्याच्या वेगाला दांड्याच्या जाडीने भागून आलेल्या आकड्याचा साधारण पाचवा हिस्सा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. या हिशेबाने ५ मिलिमीटर जाडीची अँटेना ११०० हर्ट्झच्या आसपास शीळ घालते, तर ३० मिलिमीटरचा कॅरियरचा दांडा १८५ च्या आसपास घुमतो. उपाय दांड्याइतकाच साधा आहे. त्याभोवती जाड दोरी लांब फेऱ्यांनी नागमोडी गुंडाळा. भोवरे एका तालात सुटेनासे होतात आणि सूर मोडतो. काही गाड्यांच्या अँटेनावर मळसूत्रासारखा उंचवटा असतो, तो याचसाठी. आणि कॅरियर वर्षातून एकदाच लागत असेल, तर तो काढून घरात ठेवणं उत्तम.

मागची एकच काच उघडल्यावर कानाचे पडदे हलवणारी थडथड होते, त्यासाठी काही बसवायची गरज नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर ती घुमते, त्याच तत्त्वाने अख्खी केबिन घुमत असते. दुसरी एखादी काच दोन बोटं खाली करा, थडथड थांबते.

एक चाचणी हमखास विसरली जाते. एसीची हवा बाहेरून घेण्याचं बटण बदलून आतल्या आत फिरवण्यावर आणा. आवाज पडला तर तो वायपरखालच्या हवेच्या जाळीतून येतोय. लांबच्या प्रवासात बाहेरची हवा कायम बंद ठेवू नका, आतली हवा शिळी होऊन झोप येते. पण आवाजाची वाट कळायला चाचणी उपयोगी आहे. त्याच जागेच्या आसपास आणखी एक चोरवाट असते. फॉग लॅम्प, हॉर्न, म्युझिक सिस्टीमची वायर इंजिनाकडून आत आणताना लोखंडी पडद्यातलं रबरी बूच भोसकलं जातं आणि भोक तसंच राहतं. पायाशी टॉर्च धरून पाहा. असं भोक दिसलं तर योग्य मापाचं नवं बूच बसवून घ्या.

टायरच्या आवाजाचा मोठा वाटा रस्त्याचा असतो आणि त्यावर आपला इलाज नाही. काँक्रीट रस्त्यावर पकड राहावी, पाणी निघून जावं म्हणून आडव्या बारीक खाचा ओढतात. खाचा २० मिलिमीटरच्या सारख्या अंतरावर असतील तर शंभराच्या वेगाला साधारण १४०० हर्ट्झचा सूर निघतो. खाचांचं अंतर कमी-जास्त ठेवलं की हाच सूर विखुरतो. फरशीचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात, म्हणजे सेकंदाला सहा ठोके. आपल्या हातात आहे ते टायर. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेला हवेचा दाब थंड टायरमध्ये ठेवा. ‘हायवेला जास्त हवा बरी’ म्हणून पाच-सहा पौंड वाढवले की टायर टणक होऊन प्रत्येक ठोका आत पोचवतो. नक्षीवरून तळवा एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखं लागलं, तर टायर विषम झिजला आहे आणि घरघर त्याचीच आहे. अशी वेळ येऊ नये म्हणून आठ-दहा हजार किलोमीटरवर टायरांची अदलाबदल करावी. नवे टायर घ्यायची वेळ आलीच, तर युरोपात २०१२ पासून टायरच्या लेबलवर बाहेर होणाऱ्या आवाजाचे डेसिबल छापतात. त्याच मॉडेलचं आणि मापाचं युरोपीय लेबल मिळालं तर तो आकडा बघून घ्या. माझ्या मते जुन्या, टणक झालेल्या टायरांच्या गाडीत सगळ्यात मोठा फरक शांत टायरांनीच पडतो, शीटने नाही.

आता शीट. वाजणाऱ्या ताटावर बोट ठेवलं की नाद थांबतो, शीट पत्र्याला तेच करतं. पत्र्याची थरथर ते मारतं. हवेतून फटीने येणारा आवाज त्याला अडवता येत नाही. म्हणून पत्रा शंभर टक्के मढवण्याची गरज नसते. मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर, चौथा हिस्सा झाकला तरी बरंच काम होतं. बोटाच्या पेराने ठोकत जा आणि जिथे डब्यासारखं वाजतं तिथेच चिकटवा. हॅचबॅकमध्ये पहिला मान दारांना नाही, तर मागच्या चाकांच्या वरच्या घुमटांना आणि स्टेपनीच्या खड्ड्याला द्या, कारण डिकी आणि केबिन यांच्यात भिंतच नसते. डिकीचं झाकण-ट्रे काढून टाकलेला असेल तर तो परत बसवा. जॅक आणि पाना फडक्यात गुंडाळून घट्ट बांधा. शीट ब्युटाइल रबराचंच घ्या. छताच्या गळतीसाठी मिळणारी डांबरी पट्टी स्वस्त पडते, पण विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती मऊ होऊन ओघळते आणि गाडीभर डांबराचा वास राहतो. त्यावर थर द्यायचाच असेल तर बंद छिद्रांचा रबरी फोम द्या. उघडा स्पंज आणि कापूस कोकणच्या पावसात पाणी धरतात, त्यांना बुरशी लागते. खांबांच्या पोकळीत फुगणारा स्प्रे फोम तर कधीच मारू नका. आत अडकलेलं पाणी पत्रा आतून खातं.

दाराचं आतलं पॅनल उघडलंत तर आतला प्लास्टिकचा पडदा जसा होता तसा, कडेने नीट चिकटवून परत लावा. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा सेन्सर दाराच्या पोकळीतला हवेचा दाब ओळखतो, म्हणून दारात सेन्सर असेल तर तिथे नवी भोकं पाडू नका आणि असलेली बुजवू नका. पुढच्या खांबांच्या आणि छताच्या कडेच्या आवरणाखाली पडदा एअरबॅग असू शकते. त्या भागाला आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका. मागच्या बंपरआड हवा बाहेर सोडणारी झडप असते, ती बुजवली तर दार लावताना कानाला दडपण जाणवतं आणि एसीची हवाही नीट फिरत नाही.

दाराच्या तळाची छोटी भोकं पाणी निघून जाण्यासाठी असतात. शीट लावताना ती बंद झाली नाहीत याची खात्री करा आणि पावसाळ्याआधी प्रत्येक दारात बारीक तार घालून ती मोकळी करून घ्या. पुढच्या लेखांकात पावसाळ्याचीच तयारी पाहू: वायपरची पाती, काचेवरचा तेलकट थर आणि डीफॉगर.